जुन्या गणिती सॉफ्टवेअरचा इतिहास लिहिताना कोणत्या साधनांवर विसंबावे?

पदावली (मूळ प्रश्न)

नमस्कार. गणिती सॉफ्टवेअरचा १९६० ते १९९० या तीस वर्षांतला प्रवास सांगणारा एक दीर्घ लेख मी लिहीत आहे. संगणकाने नुसती आकडेमोड न करता अक्षरांचे बीजगणितही करावे, या कल्पनेपासून सुरुवात करून रिड्यूस, मॅकसिमा, मेपल आणि मॅथेमॅटिका या प्रणालींपर्यंत यायचे आणि दुसऱ्या बाजूने लिनपॅकसारख्या संख्यात्मक संग्रहांपासून मॅटलॅबपर्यंत पोहोचायचे, असा साधारण आराखडा आहे. वाचक गणिताचा पदवीधर असेल असे मी धरून चाललो आहे. म्हणजे त्याला समाकलन म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही, पण पीडीपी-१० हे यंत्र काय होते ते सांगावे लागेल.

अडचण तारखांपाशी येते. मॅकसिमा ही प्रणाली केव्हाची, या साध्या प्रश्नाला मला आतापर्यंत तीन उत्तरे मिळाली आहेत: एका पानावर १९६८, दुसऱ्यावर १९७१ आणि तिसऱ्यावर १९८२. मॅटलॅबच्या बाबतीत कोणी सत्तरच्या दशकाची अखेर सांगतो, तर कोणी ठामपणे १९८४ लिहितो. या पानांचे मूळ शोधत गेलो तर ती एकमेकांकडेच बोट दाखवतात. एक वाक्य तर मला पाच ठिकाणी जसेच्या तसे, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकीसकट सापडले. पाच साक्षीदार मिळाले म्हणून आधी मी खूश झालो होतो. प्रत्यक्षात साक्षीदार एकच होता आणि तोही निनावी.

एका प्रणालीच्या सध्याच्या मालक कंपनीला पत्र लिहून मी पहिल्या आवृत्तीची माहिती विचारली होती. उत्तर आले, पण त्यात त्यांच्याच संकेतस्थळावरच्या ‘आमची वाटचाल’ छापाच्या पानाचा दुवा तेवढा होता, आणि त्या पानावरची तारीख त्यांच्याच जुन्या वापरपुस्तिकेवरच्या तारखेशी जुळत नव्हती.

तेव्हा जाणकारांना विचारायचे ते असे. या विषयाची समकालीन, तपासता येतील अशी साधने कोणती आणि ती कुठे पाहायला मिळतात? दोन साधनांत विरोध आला तर कोणाचे खरे मानावे? आणि ज्यांनी ही सॉफ्टवेअर लिहिली त्यांच्या नंतरच्या आठवणींना किती वजन द्यावे?

जुनाकागद

आपल्या मॅकसिमाच्या तिन्ही तारखा बरोबर आहेत. चुकले आहे ते त्यांच्या शेजारचे क्रियापद. १९६८ च्या जुलैमध्ये एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅक या संगणक-संशोधन प्रकल्पात कार्ल एंगेलमन, विल्यम मार्टिन आणि जोएल मोझेस यांनी हे काम हाती घेतले. १९७१ साली लॉस एंजेलिसच्या परिषदेत मार्टिन आणि रिचर्ड फेटमन यांनी प्रणालीची ओळख करून देणारा निबंध मांडला. १९८२ साली तिचा व्यापारी परवाना सिम्बॉलिक्स या कंपनीकडे गेला. काम सुरू होणे, निबंध छापला जाणे आणि माल विक्रीला येणे या तीन वेगळ्या घटना आहेत. त्या तिन्हींवर ‘तयार झाली’ हे एकच क्रियापद लावले की वाद उभा राहतो. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, आपल्या टिपणांच्या तक्त्यात ‘साल’ हा रकाना ठेवूच नका. त्याऐवजी काम कधी सुरू झाले, निर्मात्यांच्या बाहेरच्या माणसाने ते प्रथम कधी वापरले, छापील वर्णन कधी आले आणि परवाना किंवा विक्री कधी झाली, असे रकाने करा. बरेचसे रकाने रिकामे राहतील. ते रिकामेच राहू द्यावेत.

मॅकसिमाच्या बाबतीत ‘बाहेरच्यांनी वापरले’ हा रकाना फसवा आहे, हेही लक्षात घ्या. सत्तरच्या दशकात ती चुंबकीय फितीवर भरून गावोगाव पाठवली जात होती असे चित्र डोळ्यांसमोर येते. पण बहुतेक बाहेरचे वापरकर्ते अर्पानेट या इंटरनेटपूर्व जाळ्यावरून एमआयटीच्या पीडीपी-१० वर शिरत आणि काम तिथेच करत. जे सॉफ्टवेअर जागचे हललेच नाही, त्याची ‘प्रकाशन तारीख’ शोधण्यात वेळ जातो आणि हाती काहीच लागत नाही.

नावांचाही घोळ आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडे मॅकसिमाची एक प्रत होती. विल्यम शेल्टर यांनी ती १९८२ पासून सांभाळली, १९९८ साली ती मुक्त परवान्याखाली देण्याची परवानगी मिळवली आणि तीच आजची मॅक्सिमा. दोन्ही नावांचा उच्चार जवळजवळ सारखाच आहे. त्याचप्रमाणे एंगेलमन यांनी साठच्या दशकात माइटर या संस्थेत मॅथलॅब नावाची प्रणाली केली होती, तिचा क्लीव्ह मोलर यांच्या मॅटलॅबशी काही संबंध नाही. १९६५ चा मॅथलॅबवरचा निबंध मॅटलॅबच्या खात्यावर जमा झालेला मी एकापेक्षा अधिक ठिकाणी पाहिला आहे.

आता साधनांकडे येतो. माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत भरवशाचे कागद म्हणजे पदवीचे प्रबंध आणि संस्थांचे क्रमांकित तांत्रिक अहवाल. जेम्स स्लेगल यांची समाकलन करणारी आज्ञावली १९६१ च्या प्रबंधात आहे. मोझेस यांचा त्याच विषयावरचा प्रबंध १९६७ चा आहे आणि तो प्रोजेक्ट मॅकचा ४७ वा तांत्रिक अहवाल म्हणूनही निघाला. प्रबंधावर तारीख असते, मार्गदर्शकाची सही असते, आज्ञावलीने सोडवलेली उदाहरणे असतात आणि न सुटलेलीही असतात. शेवटची गोष्ट मोलाची, कारण जाहिरातीत ती कधीच नसते. आपण लेखाची सुरुवात १९६० पासून करणार आहात. पण संगणकाने सूत्रांचे अवकलन करण्यावरचे दोन प्रबंध १९५३ साली, एक टेंपल विद्यापीठात काह्रिमानियन यांचा आणि दुसरा एमआयटीत नोलन यांचा, स्वतंत्रपणे सादर झाले होते. ते वगळून साठपासून आरंभ करायचा असेल तर कारण द्यावे लागेल.

प्रबंधांच्या पाठोपाठ परिषदांची इतिवृत्ते येतात. चिन्हात्मक बीजगणितावरची पहिली मोठी परिषद १९६६ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनला झाली आणि दुसरी १९७१ साली. या दोहोंतील निबंध ओळीने वाचले तर मधल्या पाच वर्षांत काय बदलले ते कोणाच्या सांगण्याविना दिसते. १९७७ साली बर्कलेला मॅकसिमाच्या वापरकर्त्यांची परिषद झाली, तिचे इतिवृत्त नासाने छापले. निर्माते स्वतःच्या प्रणालीबद्दल काय म्हणतात त्यापेक्षा वापरणारे कशासाठी खोळंबले होते, हे अशा ठिकाणी जास्त कळते.

संख्यात्मक बाजूसाठी असोसिएशन फॉर कम्प्यूटिंग मशिनरीच्या मासिकात १९६० च्या फेब्रुवारीपासून क्रमांक देऊन छापल्या गेलेल्या रीती (अल्गोरिदम) पाहा. त्यांतल्या मूळ रीतीपेक्षा तिच्या मागाहून येणारी ‘प्रमाणन’ नावाची छोटी टिपणे मला अधिक आवडतात. कोणीतरी दुसऱ्या गावी, दुसऱ्या यंत्रावर ती रीत चालवून पाहतो, अमुक ओळीत अर्धविराम हवा होता किंवा अमुक मूल्याला ती अडकते असे कळवतो, आणि स्वतःचे नाव, यंत्राचे नाव व निकालाचे आकडे देऊन मोकळा होतो. तटस्थ साक्ष म्हणतात ती हीच. १९७५ पासून हे काम त्याच संस्थेच्या गणिती सॉफ्टवेअरला वाहिलेल्या स्वतंत्र नियतकालिकाकडे गेले. ते जॉन राइस यांनी सुरू केले.

आठवणींविषयी विचारलेत. बखर आणि अस्सल पत्र यांत जो फरक, तोच इथे आहे. बखर वाचावी, पण तिच्यावरून तारीख लावू नये.

स्तंभ_बहात्तर

जुनाकागद यांनी छापील साधने सांगितली; मी एका न छापलेल्या साधनाबद्दल लिहितो, ते म्हणजे खुद्द सोर्स कोड. फोरट्रान भाषेतल्या जुन्या उपआज्ञावल्यांच्या डोक्यावर टिप्पणीच्या ओळी असतात आणि त्या आपल्या विषयापुरत्या शिलालेखासारख्या आहेत. जॅक डोंगारा आणि एरिक ग्रॉस यांनी १९८५ साली सुरू केलेल्या नेटलिब या संग्रहात त्या आजही कोणालाही वाचता येतात.

लिनपॅकमधली समीकरणे सोडवण्याआधी त्यांच्या आव्यूहाचे अवयव पाडणारी डीजीईएफए ही आज्ञावली उघडा. तिच्या टिप्पणीत ही आवृत्ती ०८/१४/७८ या दिवसाची असल्याचे नोंदले आहे आणि खाली क्लीव्ह मोलर यांचे नाव, न्यू मेक्सिको विद्यापीठ व आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळा यांच्या उल्लेखासह आहे. लिनपॅकची वापरपुस्तिका १९७९ ची. म्हणजे पुस्तक छापून येण्याआधी आज्ञावलीचा हा पाठ पक्का झाला होता, एवढे या एका ओळीवरून सांगता येते. मॅटलॅबचा उगम शोधणाऱ्याला ही ओळ आणखी एक गोष्ट सांगते: जो माणूस पुढे मॅटलॅब लिहिणार होता, तो त्या आधी कोणत्या खोलीत बसून काय करत होता.

आता या शिलालेखांचे तोटे सांगतो, कारण मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे. डीएएक्सपीवाय नावाच्या छोट्या आज्ञावलीवर डोंगारा यांचे नाव आणि ३/११/७८ ही तारीख आहे. मी एका टिपणात ती ‘३ नोव्हेंबर १९७८’ अशी सरळ लिहून टाकली. अमेरिकन पद्धतीत महिना आधी येतो. तेव्हा ती ११ मार्च आहे. वर दिलेल्या ०८/१४/७८ मध्ये चौदावा महिना असू शकत नाही, म्हणून तिथे चूक लगेच पकडता येते. पण दिवस बारापर्यंतचा असेल तर तारीख निमूटपणे चुकीची वाचली जाते. एका वाचकाने दाखवून दिले तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, तोपर्यंत ते टिपण दुसऱ्या एका लेखात उतरलेही होते. आपण ज्या निनावी साक्षीदाराबद्दल लिहिले आहे, तसा एक मीही जन्माला घातला आहे.

त्याच डीएएक्सपीवायवर आणखी एक तारीख आहे, ती १९९३ च्या डिसेंबरची, आणि तिच्यापुढे रांगेच्या घोषणेत केलेला बारीक बदल नोंदवला आहे. म्हणजे आज आपण उतरवून घेतलेली प्रत १९७८ ची नव्हेच; ती १९७८ च्या प्रतीवर १९९३ साली हात फिरवलेली प्रत आहे. आयगेनमूल्ये काढणाऱ्या आइसपॅकमध्ये हे अधिक ठळकपणे दिसते. नेटलिबमधल्या टीआरईडी२ वर ‘ही आवृत्ती ऑगस्ट १९८३ ची’ असा उल्लेख आहे. तेवढेच वाचणारा आइसपॅकला ऐंशीच्या दशकात ढकलेल, जरी त्याची वापरपुस्तिका १९७४ पासून छापलेली आहे. पण त्याच टिप्पणीत थोडे वर पाहिले तर असेही लिहिले आहे की, ही आज्ञावली मार्टिन, राइन्श आणि विल्किन्सन यांनी १९६८ साली एका जर्मन गणिती नियतकालिकात दिलेल्या अल्गोल भाषेतल्या रीतीचे भाषांतर आहे. खंड, पृष्ठे आणि १९७१ चा पुनर्मुद्रित हस्तग्रंथ हेही दिले आहे. सात-आठ ओळींत पंधरा वर्षांची वंशावळ आहे. फक्त शेवटची ओळ उचलली की वंशज हाती येतो आणि पूर्वज निसटतो.

म्हणून कोडवरून तारीख लावायची झाली तर ‘या दिवसापर्यंत हा मजकूर असा झाला होता’ इतकेच म्हणावे. याच्या आधी काय होते ते कोड सांगत नाही, आणि प्रत कोणत्या संग्रहातून घेतली ते न सांगता कोडचा दाखला दिला तर तो निम्माच दाखला ठरतो.

ऐकीव

जुनाकागद यांच्या बखरीच्या उपमेशी मी सहमत नाही, आणि तारखांच्या बाहेर पडले की ती उपमा टिकतही नाही.

मॅटलॅबचेच पाहा. मोलर यांनी पहिले मॅटलॅब फोरट्रानमध्ये लिहिले ते विद्यार्थ्यांना फोरट्रान न लिहिता लिनपॅक आणि आइसपॅक वापरता यावे म्हणून. १९७९-८० मध्ये ते स्टॅनफर्डला शिकवत असताना वर्गातल्या गणित आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याचे फारसे कौतुक वाटले नाही. अभियांत्रिकीच्या, विशेषतः नियंत्रणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मात्र ते फार उपयोगी वाटले, कारण त्यांच्या विषयात आव्यूहांशिवाय पान हलत नाही. पुढे जॅक लिटल यांनी स्टीव्ह बँगर्ट यांच्यासह ते सी भाषेत नव्याने लिहिले आणि १९८४ साली कंपनी निघाली; वैयक्तिक संगणकावरचे मॅटलॅब त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लास व्हेगासला मांडले गेले ते नियंत्रणशास्त्राच्याच परिषदेत. सॉफ्टवेअर गणितज्ञाने लिहिले, पण ते उचलले अभियंत्यांनी. असे का झाले हे आपल्याला वर्गातल्या त्या आठवणीमुळे समजते. कोणत्या तांत्रिक अहवालात ‘माझ्या निम्म्या वर्गाला हे आवडले नाही’ असे वाक्य सापडेल?

शिवाय सगळ्या आठवणी एका पंक्तीला बसवू नयेत. कंपनीच्या वर्धापनदिनाला लिहिलेला लेख वेगळा आणि इतिहासकाराने तयारीनिशी घेतलेली मुलाखत वेगळी. अमेरिकेतल्या सियाम या उपयोजित गणिताच्या संस्थेसाठी टॉमस हेग यांनी संख्यात्मक विश्लेषणातल्या अनेक मंडळींच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या. मोलर यांची मुलाखत २००४ सालची आहे, आणि डोंगारा व राइस यांच्याही आहेत. त्यांची लिखित रूपे खुली आहेत. मिनेसोटा विद्यापीठातल्या चार्ल्स बॅबेज संस्थेकडे संगणकाच्या इतिहासाच्या अशा मुलाखतींचा मोठा साठा आहे. अशा मुलाखतीत प्रश्न विचारणाऱ्याने जुने कागद आधीच वाचलेले असतात आणि सांगणारा घसरला तर तो तिथल्या तिथे अडवतो. मोलर आणि लिटल यांनी मिळून लिहिलेला मॅटलॅबचा इतिहास २०२० साली प्रोग्रामिंग भाषांच्या इतिहासाच्या चौथ्या परिषदेसाठी प्रसिद्ध झाला. लेखक स्वतः संस्थापक असले तरी तो परीक्षकांच्या हाताखालून गेलेला आहे. मोझेस यांनीही मॅकसिमाची वैयक्तिक हकिगत २०१२ साली चिन्हात्मक गणनाच्या एका संशोधन नियतकालिकात लिहिली आहे. ती ‘वैयक्तिक’ आहे हे शीर्षकातच सांगितलेले असल्याने फसवणुकीचा प्रश्न येत नाही.

उलट समकालीन कागदही खोटे बोलतात. अनुदान देणाऱ्यासाठी लिहिलेल्या अहवालात पुढच्या सहा महिन्यांत होणारी गोष्ट झाल्यासारखी लिहिलेली असते. वापरपुस्तिका आज्ञावलीच्या आधी छापायला जाते आणि तिच्यातली एखादी आज्ञा यंत्रावर कधी उमटतच नाही. कागद जुना आहे म्हणून तो निःस्वार्थी असतो असे नाही.

फाइनमनरेषा

थोडी भर. आपण संगणकशास्त्राच्या कपाटातच शोधत आहात असे दिसते. चिन्हात्मक बीजगणिताचा अर्धा इतिहास कणभौतिकीच्या कपाटात आहे. मार्टिनस व्हेल्टमन यांनी स्खोनस्खिप ही प्रणाली १९६३ साली स्वतःच्या भौतिकीच्या गणितांसाठी लिहिली. भौतिकीतल्या कामासाठी त्यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. रिड्यूसचे जनक अँथनी हर्न हेही भौतिकीतलेच. मूलकणांच्या प्रक्रियांचे बीजगणित यंत्राकडून करून घेण्यावरचा त्यांचा लेख १९६६ चा आहे. या लोकांनी स्वतःला सॉफ्टवेअरकार मानले नाही, त्यामुळे प्रणालीचा पहिला उल्लेख अनेकदा एखाद्या भौतिकीच्या निबंधाच्या आभारप्रदर्शनात किंवा तळटीपेत असतो. १९६९ पासून निघणाऱ्या कम्प्यूटर फिजिक्स कम्युनिकेशन्स या नियतकालिकाने लेखासोबत आज्ञावलीही जमा करून घेण्याची प्रथा पाडली आणि तिचे ग्रंथालय बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात ठेवले. अशा प्रकारे लेख आणि कोड यांची जोडी एकत्र मिळते, ही सोय इतरत्र दुर्मीळ आहे.

पदावली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. १९५३ चे प्रबंध मला ठाऊकच नव्हते. लेखाची सुरुवात बदलावी लागेल. मॅथलॅब आणि मॅटलॅब यांची गल्लत तर माझ्या कच्च्या मसुद्यात होतीच, ती आजच दुरुस्त केली.

एक उपप्रश्न. विद्यापीठांत जन्मलेल्या प्रणालींना प्रबंध आणि अहवाल असतात. पण घरगुती संगणकांवर चालणाऱ्या आणि दुकानातून विकल्या गेलेल्या सॉफ्टवेअरचे काय? म्यूमॅथ आणि तिची वारसदार डिराइव्ह यांच्याबद्दल मला लिहायचे आहे आणि तिथे मला जाहिरातींशिवाय फारसे काही दिसत नाही.

चुंबकफीत

म्यूमॅथसारख्या सॉफ्टवेअरसाठी जाहिराती हेही एक साधन आहे, आणि ते वाटते तितके हलके नाही. मात्र त्यातून काय घ्यायचे आणि काय नाही ते ठरवून घ्यावे लागते. मासिकातल्या जाहिरातीवरून तीन गोष्टी बऱ्यापैकी खात्रीने मिळतात: किंमत, कोणती यंत्रे चालतील त्यांची नावे आणि विक्रेत्याचा पत्ता. माल त्या महिन्यात खरोखर मिळत होता, हे मात्र जाहिरातीवरून कधीही धरू नये. मासिकाच्या मुखपृष्ठावरचा महिना आणि अंक प्रत्यक्ष बाहेर पडण्याचा दिवस यांतही अंतर असते, आणि जाहिरातीचा मजकूर त्याच्याही कितीतरी आधी द्यावा लागतो. माल मिळत होता याचा पुरावा हवा असेल तर परीक्षणे पाहा. परीक्षकाने आवृत्तीचा क्रमांक दिला असेल, स्मृतीची मर्यादा सांगितली असेल आणि एखादे समाकलन करून दाखवताना यंत्र कुठे थकले ते लिहिले असेल, तर त्या महिन्यापर्यंत डबा कोणाच्या तरी हातात पडला होता.

म्यूमॅथपुरती आणखी एक सावधगिरी बाळगा. ती डेव्हिड स्टाउटमायर आणि अल्बर्ट रिच यांची. त्यांची सॉफ्ट वेअरहाउस ही कंपनी होनोलुलूची. पण मायक्रोसॉफ्टनेही ती विकली असल्यामुळे काही जाहिरातींत निर्मात्यांचे नाव न दिसता विक्रेत्याचेच दिसते. जाहिरातीवरून कर्तृत्व ठरवले की श्रेय भलत्याच घरी जाते. डिराइव्हचे सोपे आहे: १९८८ साली ती आली, १९९९ साली कंपनी टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने घेतली आणि २००७ साली विक्री थांबली. १९८८ च्याच २३ जूनला मॅथेमॅटिकाची पहिली आवृत्ती आली हे शेजारी मांडले, तर त्या वर्षीच्या परीक्षणांत या दोघींची तुलना का आढळते ते वेगळे सांगावे लागत नाही.

वापरपुस्तिकांच्या छायाप्रतींसाठी बिटसेव्हर्स आणि इंटरनेट आर्काइव्ह हे दोन संग्रह आधी चाळा. पुस्तिका हाती आली की मुखपृष्ठ सोडून दुसऱ्या पानाकडे जा. तिथे स्वामित्वहक्काची वर्षे असतात, बहुधा एकापेक्षा अधिक, आणि सुधारणांची यादी असेल तर तीही तिथेच असते. स्वामित्वहक्काच्या ओळीतले पहिले साल हे त्या पुस्तिकेचे नसून तिच्यात उरलेल्या सर्वांत जुन्या मजकुराचे असू शकते. नॅग या ब्रिटिश संस्थेच्या संख्यात्मक आज्ञावल्यांच्या संग्रहासारख्या ठिकाणी आवृत्तीला ‘मार्क’ म्हणतात आणि पुस्तिकेच्या सुटी पाने घालण्याच्या खोक्यात वेगवेगळ्या मार्कांची पाने एकत्र नांदत असतात. तेव्हा प्रत्येक पानाच्या तळाशी छापलेला क्रमांक वाचल्याशिवाय दाखला देऊ नये. ही संस्था १९७० साली नॉटिंगहॅमला सुरू झाली आणि १९७३ साली ऑक्सफर्डला गेली, त्याबरोबर तिच्या नावातला पहिला शब्दही बदलला, पण आद्याक्षरे तीच राहिली. त्यामुळे नुसत्या आद्याक्षरांवरून ग्रंथालयात शोधताना दोन्ही नावे वापरावी लागतात.

संकेतस्थळांच्या जुन्या प्रतींवर फार भिस्त ठेवू नका. वेबॅक मशीनमधला साठा १९९६ पासूनचा आहे. आपल्या तीस वर्षांतले एकही वर्ष त्यात समकालीन म्हणून येत नाही. त्याचा उपयोग एकाच कामासाठी होतो: कंपनीने स्वतःचा इतिहास कधी आणि कसा बदलला ते पाहण्यासाठी. आपल्याला ज्या पानाचा दुवा पाठवला गेला, त्याच्या जुन्या प्रती एकाखाली एक लावून पाहा. तारीख एखाद्या वर्षी अचानक मागे सरकलेली दिसली तर त्या वर्षी कंपनीत काय घडले ते शोधायला हरकत नाही.

शेवटी एक कष्टाचा पण समाधानाचा मार्ग सांगतो. बॉब सुप्निक यांनी सुरू केलेल्या सिमएच या साधनाने जुनी यंत्रे आजच्या संगणकावर हुबेहूब वठवता येतात, आणि एमआयटीची आयटीएस ही पीडीपी-१० वरची प्रणाली जुन्या फितींवरून पुन्हा उभी केली गेली आहे. मी पहिल्यांदा ती सुरू केली तेव्हा एक समाकलन टंकायलाच मला दहा मिनिटे लागली, कारण प्रत्येक आज्ञा कशी संपवायची हे त्या काळच्या माणसाला जेवढे सहज होते तेवढे मला नव्हते. पण पुस्तिकेत लिहिलेली आज्ञा यंत्र खरोखर पाळते की नाही, हा ऐकीव यांनी उपस्थित केलेला प्रश्न अशा वेळी कोणाच्याही साक्षीविना सुटतो. अट एवढीच की, आपण चालवत आहोत ती फीत कोणत्या सालची आहे ते आधी तपासावे. नाही तर स्तंभ_बहात्तर यांच्या डीएएक्सपीवायसारखी गत होते.

जुनाकागद

ऐकीव यांचा आक्षेप अंशतः मान्य. ‘का’ या प्रश्नासाठी आठवण हवी हे खरे आहे, आणि इतिहासकाराने घेतलेल्या मुलाखतीला बखर म्हणणे अन्यायाचे झाले. परंतु तारखेसाठी मी अजूनही आठवणीवर थांबणार नाही. मुलाखतीत ऐकलेली तारीख ही कुठे शोधावे याची खूण म्हणून वापरीन आणि त्या वर्षीचे अहवाल उघडीन. मुलाखतीचे लिखित रूप वाचताना मॅकसिमा आणि मॅक्सिमा यांतला भेद कोणी केला आहे, सांगणाऱ्याने की लिहून घेणाऱ्याने, हेही पाहावे. कानाला तो भेद ऐकू येत नाही.

पदावली

चुंबकफीत यांच्या सांगण्याप्रमाणे त्या कंपनीच्या पानाच्या जुन्या प्रती लावून पाहिल्या. सुरुवातीच्या प्रतींमध्ये कंपनी स्थापन झाल्याचे साल होते. पुढे कधीतरी त्याच ओळीत प्रणालीचे काम सुरू झाल्याचे साल आले आणि वाक्य मात्र तसेच राहिले. वापरपुस्तिका त्या दोन्हींच्या मधली आहे, म्हणून ती कोणाशीच जुळत नव्हती.

मॅकसिमाच्या परिच्छेदातून ‘तयार झाली’ काढून टाकले आहे. त्या जागी आता काम सुरू झाल्याचे, निबंध मांडल्याचे आणि परवाना गेल्याचे अशी तीन वाक्ये आहेत आणि त्यांच्यामध्ये अर्पानेटवरून येणाऱ्या वापरकर्त्यांबद्दलचे एक. तक्त्यातला ‘बाहेरच्यांनी प्रथम वापरले’ हा रकाना अकरापैकी सात प्रणालींसमोर रिकामा आहे. पुढच्या आठवड्यात १९७७ चे नासाचे इतिवृत्त वाचायला घेत आहे. मॅकसिमापुरता तरी तो त्यातून भरतो का ते इथेच कळवीन.